बटालियनच्या इतिहासातले चौथे प्रकरण

गेल्या मार्चमधल्या एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, वाशीतल्या एका समाजमंदिराच्या पहिल्या मजल्यावर भरलेल्या बैठकीत माझे वडील उभे राहिले आणि बटालियनच्या इतिहासात त्यांच्या नावावर छापले जाणारे काम आपण केलेले नाही, असे त्यांनी सांगितले. बैठकीला इतिहास समितीचे नऊ सदस्य हजर होते. वडील माजी जवानांच्या संघटनेचे सभासद म्हणून आले होते, मी संपादक म्हणून. ते प्रकरण मी लिहिले होते.

वडिलांचे शब्द असे होते : "चौथ्या प्रकरणात माझं नाव हाय, ते खोटं हाय. त्या दिशी पाण्यात मी न्हवतो."

समितीचे अध्यक्ष नियमित फौजेतून आमच्या बटालियनमध्ये आलेले आणि तिथूनच निवृत्त झालेले सुभेदार. सगळे त्यांना साहेब म्हणतात. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आबा, बरं वाटत नाही का? बसा जरा."

"बरं हाय मला. बसत न्हाई."

ही बटालियन प्रादेशिक सेनेची, पायदळाची. प्रादेशिक सेनेत जायचे तर माणसाच्या हाताला आधी दुसरे काम असावे लागते. बेकाराला तिथे घेत नाहीत. वर्षातले दहा महिने माणूस आपल्या कामावर, दोन महिने गणवेशात. गरज पडली की आदेश निघतो आणि तीच माणसे पूर्ण वेळ तैनात होतात, कधी वर्षभर, कधी त्याहून जास्त. तैनात असताना कायदा नियमित फौजेचाच लागू होतो आणि शिक्षाही तीच असते. आमच्या बटालियनमध्ये गोदीतले कामगार होते, गिरण्यांतले होते, बसचे कंडक्टर होते, दोन-तीन शाळामास्तर होते आणि वाशीच्या बाजारातले हमाल होते. वडील हमाल होते, कांदा-बटाटा बाजारात.

कोपरखैरण्याच्या आमच्या गल्लीत या माणसांना 'दोन महिन्यांचे फौजी' म्हणत. समोरच्या घरात नियमित फौजेतले एक निवृत्त हवालदार राहायचे. वडील ट्रंक घेऊन कॅम्पला निघाले की ते गॅलरीतून विचारायचे, "काय लान्स नायक, यंदा सहल कुठं?" वडील ट्रंक खाली ठेवायचे, मान वर करायचे आणि सांगायचे, "तुम्ही रिकामी करून आलाय त्या पोस्टवर." हा प्रश्न आणि हे उत्तर मी दरवर्षी ऐकत असे. दोघांपैकी कोणीही शब्द बदलल्याचे आठवत नाही.

माजी जवानांच्या संघटनेने बटालियनचा इतिहास पुस्तकरूपाने काढायचे ठरवले, तेव्हा समितीला लेखक नको होता. छपाईतल्या चुका काढणारा कोणीतरी हवा होता. एका मराठी दैनिकात तीस वर्षे काढून मी नुकताच घरी बसलो होतो, आणि सभासदाचा मुलगा होतो. कागद हातात आल्यावर दोन्ही कामे माझ्याकडे आली. संदर्भ म्हणून मिळाले ते एवढे : कॅम्पच्या काही स्मरणिका, ग्रुप फोटो, एका निवृत्त कॅप्टनने टंकलेली थोडी पाने, आणि सभासदांच्या घरच्या भिंतींवरची प्रशस्तिपत्रे. त्यातून सहा प्रकरणे झाली. पहिले स्थापनेचे. दुसरे भरतीचे. तिसरे युद्धाच्या काळात पुलांवर आणि तेलाच्या टाक्यांवर दिलेल्या पहाऱ्याचे. चौथे पुराचे.

पुराच्या वर्षी बटालियन ईशान्येत तैनात होती. मी तेव्हा सातवीत होतो. चौथ्या प्रकरणात मी जे लिहिले त्याचा सारांश असा : पुरात अडकलेल्यांना काढण्यासाठी नदीकाठी एक दोरपोस्ट उभारली होती. तिथे एका जवानाने दोराचे वेटोळे घेऊन उभे राहायचे आणि नावेवर नजर ठेवायची. दुपारी मदतीच्या नावेचे इंजिन बंद पडले आणि नाव प्रवाहात वाहू लागली. पोस्टवरच्या लान्स नायकाने कमरेला दोर बांधून पाण्यात उडी घेतली, दोराचे टोक नावेला बांधले आणि काठावरच्या जवानांनी अकरा गावकऱ्यांसह नाव ओढून घेतली. हे सगळे वडिलांच्या प्रशस्तिपत्रात होते. खाली कमांडिंग ऑफिसरची सही होती.

बातमीला दोन स्वतंत्र स्रोत हवेत, हा नियम मी तीस वर्षे हाताखालच्या वार्ताहरांना शिकवला. चौथ्या प्रकरणाला एकच स्रोत होता. तो आमच्या बाहेरच्या खोलीत, घड्याळाशेजारी टांगलेला होता.

बैठकीत वडिलांनी पुढे जे सांगितले ते समजायला बाजारातली एक रीत माहीत असावी लागते. हमालांची टोळी असते, तिचा एक मुकादम असतो. ट्रक लागला की मुकादम बिल्ल्याचा नंबर पुकारतो; ज्याचा नंबर त्याची पाळी. एखाद्याची पाठ धरलेली असते, एखाद्याच्या अंगात ताप असतो. तो काही बोलत नाही. शेजारचा ते बघतो, नंबर पुकारला की स्वतः 'हाय' म्हणतो आणि गोणी पाठीवर घेतो. मुकादमाला दिसत असते. तो दुसरीकडे बघतो. नंतर यावर बोलायचे नाही आणि आभारही मानायचे नाहीत. बोलून दाखवणाऱ्याला टोळीत कमी समजतात. याला बदली म्हणतात.

वडिलांच्या टोळीतली सात माणसे एकाच भरतीत बटालियनमध्ये गेली. बाजारातली बदली त्यांच्याबरोबर गणवेशात गेली. फौजेत तिला दुसरे नाव आहे. तिथे तिला पोस्ट सोडणे म्हणतात.

त्या सातांत सहा घाटावरचे होते. सातवा करावे गावचा, खाडीत मासे मारणाऱ्या घरातला. खाडीत मासळी मिळेनाशी झाली तेव्हा तो बाजारात आला. टोळी त्याला नाखवा म्हणायची. तो टोळीतल्या सगळ्यांनाच घाटी म्हणायचा, पण नुसते "ए घाटी" म्हटले की ते वडिलांसाठी असायचे.

"रोस्टरवर दोरपोस्टला माझा नंबर हुता," वडील म्हणाले. "मी माण तालुक्यातला. आमच्याकडं विहीर हाय, विहिरीत पाणी न्हाई. पोहायला शिकणार कुठं? भरतीला कुणी इचारलं न्हाई, मी बी सांगितलं न्हाई. ती नदी बघितली आन् मी मागं सरलो. नाखवा बाजूला उभा हुता. त्यो म्हणला, तू जा तिकडं, वाळूच्या गोण्या भर. तवाच्या सुभेदारानं नंबर पुकारला. ह्यो म्हणला, हाय. मी गेलो."

"आणि प्रशस्तिपत्र?" साहेबांनी विचारले.

"रोस्टर बघून लिवलं. कॅम्प उठताना परेडवर माझा नंबर पुकारला. मी नाखव्याकडं बघितलं. त्यानं कोपर मारलं, म्हणला जा. गेलो. त्या वक्ताला त्वांड उघडलं असतं तर दोघं बी आत."

"मग इतकी वर्षं गप्प राहिलात, आताच का?"

"आत्तापत्तूर ते माझ्या घरात हुतं. मी आन् माझी भिंत. आता पुस्तक हुणार. पोरं शाळंत वाचणार. म्हंजे ज्यानं उडी मारली त्यो कायमचा न्हाईच."

एक सदस्य निवृत्त कंडक्टर होते. ते म्हणाले, "आबा, बस डेपोतच रिकामी करायची हो. तुम्ही अर्ध्या रस्त्यात सगळ्यांना उतरवताय."

साहेबांनी विषय पुढच्या बैठकीवर ठेवला.

आम्ही सिटी बसने कोपरखैरण्याला परत आलो. घरी आल्यावर वडिलांनी स्टुलावर चढून प्रशस्तिपत्राची चौकट उतरवली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बैठकीत काय झाले ते मी तिला सांगितले.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"लगीन झाल्यापास्नं ठाऊक हाय ह्यास्नी पोहता येत न्हाई. गणपती बुडवायला जाताना गुडघ्याच्या खाली पाणी असलं तरच आत जात्यात. दर दिवाळीला ती काच मी पुसते, त्यात काय लिवलंय ते वाचते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बी बघत हुतास की. तुझं तर कामच इचारायचं."

हे खरे होते. दरवर्षी मी विसर्जनाला त्यांच्याबरोबर जात होतो.

त्याच आठवड्यात मी दुसऱ्या स्रोताकडे गेलो. वडील आणि नाखवा बटालियनमधून सुटल्यावर काही वर्षे बाजारात एकत्र होते. नंतर भेटी लग्नाकार्यापुरत्या उरल्या. नाखवा संघटनेच्या एकाही बैठकीला आल्याची नोंद नाही.

करावे गाव सीवूड्सच्या टॉवरांच्या मागे आहे. बाहेरून आलेल्याला आधी तीन-चार मजली भाड्याची घरे दिसतात, मग मध्येच एखादे कौलारू घर. नाखव्याने ओटीवर जाळे पसरले होते आणि फाटलेला भाग तो सुतळीने सांधत होता. मी कोणाचा मुलगा ते सांगितले.

"घाट्याचा पोर तू? बापाचाच तोंड घेतलास की. बस. च्या पितंस ना? साखर चालते, का तुमाला आता चालत नाय?"

चहा आला. मी विचारले, "काका, पुराच्या दिवशी दोरपोस्टवर कोण होतं?"

"कागदावर कोन हाय?"

"वडील."

"मंग तोच व्हता."

"वडील म्हणतात, तुम्ही होतात."

त्याचा हात थांबला. "बोलला तो?"

"बैठकीत. सगळ्यांसमोर उभं राहून."

"म्हातारा झाला, अक्कल गेली त्याची. बदली अशी बोलून दाकवतात का? टोलीत काय शिकला मंग यो?" तो खरोखर चिडला होता. ओटीवरून उठला, खाली उतरला, पुन्हा येऊन बसला. "कुनी मागितला व्हता त्याला? मी मागितला? आज तो बोलला तर त्याचे डोक्यावर काय येल ते कलतं का त्याला? लोक म्हननार, पोस्ट सोडून पलाला."

"मला लिहून घ्यायचंय, काका. तुमच्याकडून."

"लिव ना. नाखवा काय बोलला नाय, असा लिव. खाली सही पन देतो."

पाऊण तास तो दुसरेच बोलत होता. खाडीत आता काय मिळते, भाडेकरू कुठल्या जिल्ह्यातले आहेत, कोणत्या टॉवरमधल्या बाईने वासाची तक्रार केली आणि तिला त्याच्या सुनेने काय सुनावले. मी वही बंद केली. निघताना एक जुनी सवय म्हणून आकडा तपासून घेतला. प्रशस्तिपत्रात नावेत अकरा गावकरी असल्याचे म्हटले आहे, ते बरोबर आहे का, असे विचारले.

"अकरा?" तो म्हणाला. "कोन बोलला अकरा? नऊ मानसा व्हती, नि दोन बकऱ्या. त्यातली एक तर माजे खांद्यावर चढली, दोर बांदू देईना."

मी वही पुन्हा उघडली.

त्याने वहीकडे पाहिले. मग मांडीवर हात मारून हसायला लागला. "फसवलास रे बाला. घाट्याचा पोर, पन डोका बामनाचा."

सही मात्र त्याने दिली नाही. "तुजे बापाला सांग, मी इचारला म्हनून. नि सांग, गप बस." बकऱ्यांचे पुस्तकात आले तर बघून घेईन, असेही तो म्हणाला.

आता माझ्याकडे दोन स्रोत होते. दोघांची हकिगत जुळत होती आणि एकात असा तपशील होता जो पाण्यात असलेल्या माणसालाच माहीत असणार. मी समितीला लेखी कळवले की चौथे प्रकरण आहे तसे छापायला देता येणार नाही. त्यात नाव चुकीचे आहे.

दहा दिवसांनी साहेब दोन सदस्यांना घेऊन आमच्या घरी आले. एक कंडक्टर होते, दुसरे गोदीतले निवृत्त फोरमन. आईने पोहे केले. साहेबांनी पोहे संपेपर्यंत विषय काढला नाही.

मग ते म्हणाले, "आबा, मार्ग निघालाय. तो प्रसंगच आपण काढून टाकू. पूर ठेवू, मदतीच्या होड्या ठेवू, बटालियनने लोकांना बाहेर काढलं हे ठेवू. कोणाचंच नाव नको. खोटंही नाही, वादही नाही."

"न्हाई," वडील म्हणाले.

"ऐकून तर घ्या."

"ऐकलं. काढायचं न्हाई. बदलायचं. इतकी वर्सं मी त्याचं खाल्लं, आता कमिटी खाणार व्हय?"

साहेबांची बाजू इथे सांगायला हवी. आदल्या वर्षी सव्वीस जानेवारीला प्रभागात झेंडावंदन झाले तेव्हा माजी सैनिकांच्या खुर्च्यांवर बसलेल्या आमच्या लोकांना एका कार्यकर्त्याने उठवून मागे बसवले होते. पुढच्या रांगा 'खऱ्या' माजी सैनिकांसाठी आहेत, असे तो म्हणाला. साहेब स्वतः नियमित फौजेचे. त्यांना कोणी उठवले नव्हते. ते आपणहून उठले आणि आमच्या लोकांबरोबर मागे जाऊन उभे राहिले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. पुस्तक काढायचा ठराव त्यांनी त्याच आठवड्यात मांडला.

"आबा, लोक आपल्याला आधीच काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले. "दोन महिन्यांचे फौजी. हौशे. आणि आपणच आपल्या पुस्तकात छापायचं की आपल्या जवानाने पोस्ट सोडली, दुसऱ्याने न विचारता घेतली, आणि वरच्यांना पत्ताच नाही? त्यांच्या हातात आपणच काठी द्यायची?"

"त्यांच्या हातात काठी हायच की. खोटं छापून ती पडणार हाय का?"

"हा शिस्तीचा प्रश्न होतो. कोणी मुद्दा काढला तर तुमचं सभासदत्वसुद्धा..."

वडिलांनी शर्टाच्या खिशावरचा संघटनेचा बिल्ला काढला आणि पोह्यांच्या रिकाम्या बशीशेजारी ठेवला. "हे घ्या. आत्ताच न्या. पण त्या पानावर नाखव्याचं नाव पायजे."

साहेबांनी बिल्ला उचलला नाही. फोरमन म्हणाले, "आबा, अहो, असं नका करू." कंडक्टर आईला म्हणाले, "वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना."

"मी काय सांगू?" आई म्हणाली. "मला तर वाटतं, लई उशीर केला."

जाताना साहेब मला जिन्यात म्हणाले, "संपादक, फाईल तुमच्याकडे आहे. प्रेस थांबलाय. तुम्ही दिली नाहीत तर दुसऱ्याकडून टाइप करून घेऊ. राग मानू नका." मी राग मानला नाही आणि फाईलही दिली नाही. त्या रात्री मी प्रकरणाच्या दोन प्रती काढल्या, एक जुनी, एक दुरुस्त, आणि दोन्ही समितीच्या सर्व सदस्यांना पाठवल्या, म्हणजे मतदान करणाऱ्याला आपण कशावर हात वर करतो ते माहीत असावे.

पुढची बैठक एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ठरली. विषयपत्रिकेत एकच विषय होता : चौथ्या प्रकरणातील नौकेचा प्रसंग वगळणे.

त्याच्या आदल्या दिवशी वडील सकाळी घरातून निघाले आणि संध्याकाळी परत आले. करावेला गेलो होतो, एवढेच त्यांनी सांगितले. तिथे काय बोलणे झाले, हे दोघांपैकी एकानेही मला आजवर सांगितलेले नाही.

बैठक सुरू होऊन दहा मिनिटे झाली असतील. साहेब ठराव वाचत होते. जिन्यावर पावले वाजली आणि नाखवा आत आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात रबरी चपला, डोक्यावर बटालियनची टोपी. टोपी जुनी होती, पण नेमकी कलती ठेवलेली. दारात तो सावधान झाला, साहेबांना सॅल्यूट ठोकला आणि आपला नंबर, हुद्दा आणि नाव सांगितले. नाव ऐकून टेबलाशी बसलेल्या दोघा सदस्यांनी दुरुस्त प्रत पुन्हा उघडली.

साहेबांनी सॅल्यूट परत केला. "बसा."

"नको. हा पन उभा व्हता ना गेल्या टायमाला? मी पन उभाच ऱ्हातो."

"तुम्हाला विचारतो ते सरळ सांगा. पुराच्या दिवशी दोरपोस्ट तुमची होती?"

"नाय."

"तुम्ही घेतलीत?"

"घेतली."

"कोणाची परवानगी?"

"कुनाची नाय."

"हा गुन्हा आहे, माहीत आहे?"

"तवा पन माहीत व्हता. पन साहेब, पानी काय रोस्टर वाचून येतं का?"

कंडक्टर हसले आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा घ्याल?" साहेबांचा आवाज चढला होता.

"घेईन. आज पन घेईन. यो घाटी आजून पवाला शिकला नाय."

"आन् ह्यो अजून गोणी उचलायला शिकला न्हाई," वडील खुर्चीतून म्हणाले. "एका गोणीला दोन माणसांची जागा लागती ह्याला."

"तू गप रे. तुजामुले आलोय मी हितं, माजा धंदा सोरून."

"कुठला धंदा? जाळं शिवत बसतोस, मासा कुठं हाय?"

साहेबांनी टेबलावर हात आपटला. मग ते वडिलांकडे वळले.

"आबा, तुमचं काय लिहू? 'प्रकृतीच्या कारणामुळे' लिहितो. त्यात सगळं येतं."

"माझी प्रकृती ठणठणीत हुती. भ्यालो हुतो. पोहता येत न्हवतं, पोस्ट सोडली, असं लिवा."

"सोरली नाय त्याने," नाखवा म्हणाला. "मी ढकलला त्याला. सरक बोललो, तो सरकला."

"तू तुझं सांग. माझं मी सांगतो. साहेब, पोस्ट सोडली, असंच लिवा. दुसरा शब्द नको."

फोरमन उठले. ते म्हणाले, "साहेब, मी वगळायच्या बाजूने आलो होतो. गोदीत आम्हीही हेच करायचो, क्रेनवर एकाच्या नावावर दुसरा चढायचा. आमच्यातला एक तसाच वरून पडला आणि रजिस्टरात नाव दुसऱ्याचंच लागलं. त्याच्या घरच्यांना पुढे किती त्रास झाला तो मी पाहिलाय. मी हात वर करणार नाही." ते खाली बसले.

ठराव मताला टाकला. प्रसंग वगळण्याच्या बाजूने तीन हात वर झाले. विरोधात पाच. साहेबांनी मत दिले नाही. त्यांनी माझ्याकडून दुरुस्त प्रत मागून घेतली आणि पेनाने काही वाक्ये कमी केली. वडिलांच्या भीतीबद्दल मी लिहिलेली तीन वाक्ये त्यांनी खोडली. त्याऐवजी दोन शब्द लिहिले आणि कागद वडिलांना दाखवला. वडिलांनी मान डोलावली.

"किती माणसं होती नावेत?" साहेबांनी नाखव्याला विचारले. "अकरा का नऊ?"

"नऊ. नि दोन बकऱ्या."

"बकऱ्या इतिहासात नकोत."

"का? नाव सरकारी व्हती, तिच्यात बसल्या व्हत्या त्या."

"नकोत म्हटलं ना."

"बरं. ऱ्हाऊ द्या," नाखवा म्हणाला, आणि मग खुर्ची ओढून वडिलांच्या शेजारी बसला.

वडिलांच्या सभासदत्वाचा मुद्दा त्या दिवशी कोणी काढला नाही. पुढच्या दोन बैठकांच्या इतिवृत्तातही तो नाही. प्रशस्तिपत्राबद्दल वडिलांनी रेकॉर्ड कार्यालयाला स्वतःच्या हाताने पत्र लिहिले. त्यात नदीचे नाव, पोस्टची जागा, दोघांचे नंबर आणि 'माझ्या नावची नोंद रद्द करून दुसऱ्या नंबरावर करावी' ही विनंती होती. पत्रावर दोन सह्या आहेत. नाखव्याने सही करताना आधी नकार दिला, मग पेन मागितले आणि सही केल्यावर म्हणाला, "आता पकरला तर दोघांना संगतीने पकरतील."

जूनमध्ये प्रेसकडून चौथ्या प्रकरणाची शेवटची मुद्रिते आली. ती मी वाचली, एकदा साहेबांनी वाचली, एकदा वडिलांनी. वडिलांनी एक दुरुस्ती सुचवली : दोन्ही नावांच्या आधी 'कै.' नाही ना, ते बघ. नव्हते.

पुस्तक जुलैमध्ये छापून आले. चौथ्या प्रकरणाच्या दुसऱ्या परिच्छेदात दोघांची नावे, नंबरांसह, एकाच वाक्यात आहेत. दोरपोस्ट घेणारा म्हणून नाखव्याचे नाव आहे. वडिलांच्या नावापुढे 'पोस्ट सोडली' असे आहे. नावेतून काठावर आलेल्या माणसांचा आकडा नऊ आहे.